भाऊ, वय बेचाळीस

काम फक्त भाऊचे केस कापण्याचं होतं. भाऊ म्हणजे अपेक्षाचा कुत्रा. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. अपेक्षाने ते वेळेवर सांगितलं नाही, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

भाऊ जातीने ल्हासा, वयाने सहा आणि वृत्तीने पेन्शनर. दर दीड महिन्याने शनिवार पेठेतल्या एका पार्लरमध्ये त्याची हजामत व्हायची आणि तो मुंजीतल्या बटूसारखा गुळगुळीत होऊन घरी यायचा. लॉकडाऊन लागला तेव्हा त्याची पुढची तारीख चार दिवसांवर आली होती. त्या चार दिवसांचे दोन महिने झाले. मे संपत आला तेव्हा भाऊची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे बिस्किट दाखवल्याशिवाय कळत नव्हतं.

पार्लरवाल्यांनी व्हॉट्सॲपला स्टेटस लावून ठेवलं होतं : ‘बंद आहे. कधी उघडणार हे आम्हालाही कळवलेलं नाही. फोन करून तेच विचारू नये.’ अपेक्षाने फोन केला.

“स्टेटस वाचलंत का आपण?”

“हो, वाचलं.”

“मग पुन्हा एकदा वाचा,” असं म्हणून फोन बंद झाला. पेठ पत्रे लावून बंद केली होती, पण पेठेचा स्वभाव काही बंद झाला नव्हता.

नावाचं आधी सांगायला हवं. अपेक्षा यवतमाळकडची. तिकडे दूधवाला भाऊ, कंडक्टर भाऊ, तलाठीसुद्धा भाऊच. सहा वर्षांपूर्वी एका पिल्लासमोर उकिडवं बसून तिने सवयीने विचारलं होतं, “काय भाऊ, येता का घरी?” आणि ते उठून मागोमाग आलं. वेगळं नाव ठेवायची वेळच आली नाही. धायरीच्या सोसायटीत ती वॉचमनला भाऊ म्हणे, भाजीवाल्याला भाऊ म्हणे, लिफ्ट अडकली की लिफ्टलाही म्हणे, “चल ना भाऊ.” त्यामुळे भाऊ हे कुत्र्याचं नाव असू शकतं, अशी शंका ती इथे राहायला आल्यापासूनच्या चार वर्षांत कुणालाही आली नाही. सोसायटीच्या लेखी ते फ्लॅट ‘एकशे तीनचं कुत्रं’ होतं.

घरच्या घरी प्रयत्न झाला नाही असं नाही. नवरा अभिनव आयटीत. दोन महिने तो बेडरूममध्ये मीटिंगला बसला होता तो बसलाच होता. त्याने अर्धी दाढी करून ट्रिमर चार्जिंगला लावला, तेवढ्यात अपेक्षाने तो भाऊच्या पाठीवर चालवला. एका जटेत शिरून ट्रिमरने जो ‘घूंऽऽ’ केला तो त्याचा शेवटचा. त्या आठवड्यात अभिनवचा कॅमेरा बंद राहिला आणि क्लायंटने काळजीने विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना.

हसण्यावारी नेण्याचे दिवस मात्र संपत आले होते. एक तर भाऊ रात्रंदिवस खाजवत होता. दुसरं म्हणजे सासूबाई. त्या वर्ध्याला. रोज दहाच्या ठोक्याला त्यांचा व्हिडिओ कॉल. नात मुक्ता दहा महिन्यांची झालेली. अकराव्या महिन्यात तिचं जावळ काढायचं त्यांनी पंचांग पाहून ठरवलं होतं, आणि कॉलमध्ये नात दिसण्याऐवजी दर वेळी आधी एक केसाळ ढीग सरकताना दिसायचा.

“काय करून राहिली तू अपेक्षा? लेकरू रांगते तिथं हे असं? त्याच्या अंगात काय काय असंन.”

“आई, केस कापले की होईल नीट. मी बघते.”

“दोन महिन्यांपासून बघूनच राहिली. हे पाहा, जावळाच्या दिवसापर्यंत साफ झालं त ठेव. नाही झालं त त्याले कुण्या शेतावर पाठवून दे. लेकरू अन् कुत्रं दोन्ही नाही जमत तुले, हे मी आधीच म्हटलं होतं.”

हे शेवटचं वाक्य अपेक्षाला लागलं. लागण्याचं कारण, ते अगदीच खोटं नव्हतं. मुक्ता झाल्यापासून तिचं स्वतःचं डोकं तरी रोज कुठे विंचरलं जात होतं?

शेताची सोयही आयती होती. सोसायटीचे चेअरमन हिंमतराव मूळचे धायरीचेच. ज्या जमिनीवर इमारत उभी ती त्यांचीच, आणि उरलेल्या जमिनीवर वस्ती, गोठा, चार म्हशी. ते जिन्यात भेटले की म्हणत, “ताई, द्या की सोडून आमच्या वस्तीवर. राखण करंल. जावळाच्या दिवशी दोरी घेऊनच येतो बघा.” हिंमतरावांच्या मनात कपट नव्हतं. पण भाऊने आजवर राखण अशी फक्त फ्रिजची केली होती. म्हशींच्या पायात तो दोन दिवस टिकला नसता.

तर भाऊला ठेवायचं असेल तर जावळापर्यंत त्याला साफ करायचं, एवढा हा मामला होता.

तिने जनावरांचे डॉक्टर शोधले. जवळातले जवळ उघडे होते ते खडकवासल्याला, डॉक्टर प्रज्ञेश. व्हिडिओवर त्यांनी भाऊच्या कानामागची जट बाजूला करायला लावली. खाली ओला, लालभडक चट्टा होता.

“ग्रूमिंग बंद आहे मॅडम. आदेशात स्पष्ट आहे. पण हे ग्रूमिंग नाही, हे उपचारासाठी केस काढणं आहे. घेऊन या. उशीर करू नका, उन्हाळा आहे, माशा बसल्या की अळ्या पडतात.”

अळ्या हा शब्द ऐकल्यावर अपेक्षाने त्या दिवशी भात केला नाही.

खडकवासला तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर. हद्दीवर नाका, नाक्याला पास, पासाला ऑनलाइन अर्ज. मुक्ता झोपल्यावर अपेक्षा मोबाइल घेऊन बाथरूममध्ये बसली. घरात दार लावता येईल अशी दुसरी जागा उरलेली नव्हती. प्रवासाचं कारण, वैद्यकीय. रुग्णाचं नाव, भाऊ. आडनाव सक्तीचं. अर्जदाराशी नातं : पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, इतर. तिने प्रामाणिकपणे ‘इतर’ निवडलं, तर पोर्टल म्हणालं, नात्याचा पुरावा जोडा. ‘भाऊ’ला पुरावा लागत नव्हता. सुशिक्षित माणूस खोटं बोलत नाही, तो दिलेल्या पर्यायांतून निवडतो. तिने ‘भाऊ’ निवडलं. मग आडनाव ओघानेच माहेरचं आलं, ढोके. वय सहा लिहिलं तर अठराखालील व्यक्तीसोबत पालकाचं आधार मागितलं. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. तिने बेचाळीस लिहिलं. म्हणजे बघा, त्यातही तिने हिशोब चुकू दिला नाही. लक्षणे : अंगाला खाज, वास, डोळ्यांपुढे अंधारी. अंधारी केसांमुळे होती, पण कंसात लिहायला जागा नव्हती.

सोसायटीचा नियम असा की दुधाशिवाय कशालाही बाहेर पडायचं तर ग्रुपवर कळवायचं. तिने कळवलं : ‘भाऊला बरं नाही, अंगाला खाज आहे. परवा खडकवासल्याला डॉक्टरकडे नेणार आहे. गेट उघडावे ही विनंती.’

सेक्रेटरी गोपाळकृष्णकाका एकशे चारमध्ये, म्हणजे भिंतीपलीकडे. निवृत्त, एकटे, आणि इतकी वर्षं दिवसभर टीव्ही लावून बसणारे. एप्रिलमध्ये त्यांचा टीव्ही बिघडला, दुरुस्तीवाला मिळेना, आणि काकांना प्रथमच एकशे तीनमधलं ऐकू येऊ लागलं. महिनाभर त्यांनी जे ऐकलं ते असं : “भाऊ, दिवसभर पंख्याखाली लोळत पडू नको.” “भाऊ, मुक्ताचं तोंड चाटायचं नाही, किती वेळा सांगितलं?” “भाऊ, पुन्हा दारात शू केलीस तर बघ.”

काकांनी यावरून अपेक्षाच्या भावाविषयी एक मत बनवलं होतं. आता तो आजारीही निघाला. त्यांनी ग्रुपवर लिहिलं : ‘१०३मध्ये परजिल्ह्यातील पाहुणे नोंदीशिवाय राहत असल्याचे समजते. आवाज व वर्तन पाहता प्रकृती गंभीर असावी. योग्य ठिकाणी कळविले आहे. – सेक्रेटरी.’

खाली सूचनांची रांग लागली. एकीने काढ्याचं प्रमाण पाठवलं. एकाने कापूर आणि ओव्याची पुरचुंडी सुचवली. तिसऱ्याने विचारलं, खाज आहे म्हणजे गोवर तर नव्हे? चौथ्याने, जो एरवी फक्त सुप्रभात पाठवायचा, त्याने हात जोडले.

अपेक्षाने हे पाहिलं तेव्हा मुक्ता मांडीवर दूध पीत होती. एक हात मुक्ताखाली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिने टाइप करायला घेतलं : ‘अहो काका, गैरसमज झालाय, भाऊ म्हणजे’, आणि तेवढ्यात मुक्ताने दूध सोडून मोबाइलवर पंजा मारला. लिहिलेलं पुसलं गेलं आणि सेक्रेटरींच्या संदेशाखाली एकशे तीनकडून एक पिवळा अंगठा उमटला. मान्य.

ती पुन्हा लिहिणारच होती. पण मुक्ता झोपली, आणि दहा महिन्यांचं मूल झोपलं की आईला दोन गोष्टी करता येतात, जगाचे गैरसमज दूर करणं किंवा झोपणं. अपेक्षा झोपली.

बेल वाजली तेव्हा दारात पांढऱ्या प्लॅस्टिकच्या झग्यातल्या, आरोग्य खात्याच्या बाई होत्या. हातात रजिस्टर, शिक्का, शाईचं पॅड. सकाळपासून त्या इतके जिने चढल्या होत्या की त्यांचा चष्मा आतून धुकटला होता.

“भाऊ ढोके. पुरुष, बेचाळीस. कुठे आहेत?”

“मॅडम, तो माणूस नाही.”

“असं घरातले सगळेच म्हणतात. बोलवा.”

“भाऊ,” अपेक्षाने क्षीण आवाजात हाक मारली. सोफ्यामागून तो ढीग निघाला, बाईंसमोर येऊन बसला आणि आपण होऊन उजवा पंजा पुढे केला. शेकहँड तेवढा त्याला येत होता.

बाईंनी पंज्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. बेडरूममधून अभिनव ओरडला, “हू इज देअर? नो नो, सॉरी, नॉट यू.”

“हे तुम्ही अर्जात लिहिलंत?”

“इतरला पुरावा मागत होते हो.”

“ताई, माझ्या यादीत नाव आलंय. यादीत तीन रकाने आहेत. बरा, भरती आणि मयत. कुत्रा असा रकाना नाही. बरा चौदा दिवसांनंतरच लिहिता येतो. आज नाव काढायचं तर मयत लिहावं लागेल. लिहू?”

अपेक्षाने भाऊकडे पाहिलं. पंजा अजून वरच होता.

“नको,” ती म्हणाली.

“मग चौदा दिवस घरात. रोज फोन येईल, ताप सांगायचा. शिक्का मारला असता, पण केसांवर शाई धरत नाही.” आणि जाता जाता त्यांनी दाराला लाल स्टिकर लावला, त्यावर पेनाने लिहिलं : भाऊ ढोके, एक व्यक्ती. भिंतीपलीकडे साखळी सरकल्याचा आवाज आला. गोपाळकृष्णकाकांचं समाधान झालं होतं.

रोजचे फोन खरोखर यायचे. एक गोड आवाजाची मुलगी विचारी, “पेशंटला वास येतो का?”

“घरात सगळ्यात जास्त त्यालाच येतो.”

“चव?”

“चपलेचीसुद्धा कळते.”

“उत्तम,” मुलगी म्हणे आणि टिकमार्क करी.

दोन दिवसांनी सकाळी पास मंजूर होऊन आला. मोबाइलवर हिरव्या चौकटीत, भाऊ ढोके आणि अपेक्षा. म्हणजे एका खात्याने भाऊला घरात कोंडलं होतं आणि दुसऱ्याने बाहेर जायची परवानगी दिली होती. मुक्ता दूध न पिताच झोपली होती; अपेक्षाने तिला तशीच अभिनवच्या मांडीवर ठेवलं, “दोन तास,” असं सांगितलं आणि भाऊला स्कूटीवर पायाशी उभं करून गेटवर आली.

गेटवर गोपाळकृष्णकाका खुर्ची टाकून, मास्क लावून, पेपर वाचत बसले होते. पेपर मार्च महिन्यातला होता.

“कुठे?”

“डॉक्टरकडे. काका, खरंच सांगते, भाऊ म्हणजे हा. हा कुत्रा. मला भाऊ आहे, पण तो यवतमाळला आहे.”

काकांनी चष्म्यावरून भाऊकडे पाहिलं, बराच वेळ. महिनाभर भिंतीला कान लावून उभं केलेलं एक सबंध व्यक्तिमत्त्व त्यांच्या डोळ्यांसमोर कोसळत असणार. पण सेक्रेटरीने चूक कबूल केली तर पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्याच जुन्या गोष्टी उकरल्या जातात.

“स्टिकर व्यक्तीसाठी आहे,” ते म्हणाले. “आपल्या बंधूंनी घराबाहेर पडायचं नाही. कुत्र्याविषयी माझ्याकडे लेखी काही नाही. हे कुत्रं आहे ना?”

“हो.”

“नक्की?”

“नक्की काका.”

“मग जा. बंधूंना काळजी घ्यायला सांगा.” आणि त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

गेटवर कुत्रा असल्याचं शपथेवर सांगून सुटलेल्या भाऊला पंधराव्या मिनिटाला नाक्यावर माणूस असल्याचं सिद्ध करावं लागलं. तिथे दीपमाला नावाच्या कॉन्स्टेबल उन्हात उभ्या होत्या. नाव छातीवरच्या पट्टीवर होतं. त्यांनी पास वाचला. मोठ्याने वाचला.

“भाऊ ढोके, बेचाळीस. खाज, वास, डोळ्यांपुढे अंधारी. यातली निम्मी लक्षणं आमच्या ह्यांना आहेत. भाऊ कुठे आहेत?”

अपेक्षाने पायाशी बोट दाखवलं.

दीपमालाबाईंचा चेहरा मास्कमध्ये होता, त्यामुळे काय झालं ते नीट कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, “दुचाकीवर एकाच माणसाला परवानगी आहे.”

“एकच माणूस आहे मॅडम.”

“पासवर दोन आहेत. हा माणूस असेल तर डबलसीट झालं. हा कुत्रा असेल तर पास खोटा. काय लावू?”

अपेक्षाला एकदम आपल्या नागरिकशास्त्राच्या बाई आठवल्या. तेव्हाही तिला उत्तर येत नसे.

“आणि डॉक्टर काय करणार याचं?”

इथे काहीही सांगता आलं असतं. इंजेक्शन, सलाईन. पण पोर्टलवर जेवढं खोटं बोलायचं तेवढं तिचं बोलून झालं होतं.

“केस कापणार.”

“म्हणजे सलून. सलून बंद आहेत ताई. आमच्या साहेबांचे केस कॉलरच्या खाली गेलेत, साहेब टोपीच काढत नाहीत. त्यांना मिळत नाही आणि याला द्यायचं?”

मागे टेम्पो हॉर्न देत होता. दोन तासांतली वीस मिनिटं गेली होती; मुक्ता आता उठायच्या बेतात असेल, दुधाने अपेक्षाचा कुर्ता ओला व्हायला लागला होता. ती खाली वाकली आणि भाऊच्या कानामागची जट हलकेच वर केली. भाऊ कण्हला, पण हलला नाही. फक्त तिचं मनगट चाटलं, जणू तिलाच लागलं होतं. चट्टा आता रुपयाएवढा होता. मास्कच्या आत रडण्याची एक सोय असते, नाक पुसावं लागत नाही. ते काम मास्कच करतो.

“सासूबाई म्हणतात, मला दोन्ही नाही जमत,” ती म्हणाली. हे पोलिसांना का सांगितलं, तिला अजून कळलेलं नाही.

दीपमालाबाईंनी चट्टा पाहिला. अपेक्षाचा कुर्ता पाहिला.

“लेकरू केवढं आहे?”

“दहा महिन्यांचं.”

“जा,” त्या म्हणाल्या. “येताना मला दाखवून जायचं. उपचार दिसला पाहिजे. सलूनसारखं काही दिसलं, तर दोघांवर केस टाकीन.”

डॉक्टर प्रज्ञेश यांना तिने ही अट सांगितली. त्यांनी मशीन हातात घेत म्हटलं, “मॅडम, मी आयुष्यभर गाईम्हशी केल्या. छान कापायचं म्हटलं तरी मला येत नाही. निर्धास्त राहा.”

त्यांनी शब्द पाळला. पाऊण तासाने टेबलावरून जे उतरलं ते पाहून अपेक्षाने एक क्षण इकडेतिकडे भाऊला शोधलं. गुलाबी, ठिपक्याठिपक्याचं, पायऱ्या पायऱ्या पडलेलं एक अंग. कानामागे जांभळं औषध. शेपटीच्या टोकाला डॉक्टरांनी कंटाळून सोडलेला एक झुबका. आणि मध्ये दोन डोळे. दोन महिन्यांत तिने ते पाहिलेच नव्हते. ते इतके तपकिरी आहेत हे ती विसरून गेली होती. भाऊलाही तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी दिसत असावा; तो टक लावून बघत राहिला, आणि मग, ओळख पटल्यावर, झुबका हलला.

नाक्यावर दीपमालाबाईंनी त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “हे सलून नाही. हा गुन्हा वाटतोय, पण सलून नाही. जा.”

चौदावा दिवस आणि जावळ एकाच दिवशी आले. न्हावी मिळणार नव्हताच. एक बट अभिनवने कापायची, बाकी पुढे बघू, असं ठरलं. पण सासूबाईंची एक अट होती. जावळ मामाच्या मांडीवरच व्हायला पाहिजे. आणि मुक्ताचा मामा ऋषी यवतमाळला, जिल्ह्याची हद्द बंद.

सकाळी दहाला टीपॉयवर डब्याला टेकून मोबाइल उभा केला. एका चौकटीत सासूबाई, दुसऱ्या चौकटीत ऋषी, मांडी घालून बसलेला. “ताई, माझी मांडी दिसते का त्यात?”

“व्हिडिओतल्या मांडीवर लेकरू बसते का?” सासूबाई म्हणाल्या.

दारात हिंमतराव उभे, हातात नवी कोरी दोरी. “ताई, जावळाला येतो म्हणलो हुतो, आलो. कुठं हाय ते?” भाऊ सोफ्यामागे होता. त्याला दोरी कळत नव्हती, पण अपेक्षाला कळत होती. तिने आवाज शक्य तेवढा सरळ ठेवला.

“आई, त्याचे केस कापून आणलेत. डॉक्टर म्हणाले जखम भरत आलीय. पाहा तुम्ही.”

“पाहू मग. आधी जावळ होऊ दे. मामाचं काय करतो?”

मुक्ताने जावळ होऊच दिलं नाही. अभिनवने मांडीवर घेतलं, ती कात्री पाहून ताठ झाली. अपेक्षाने घेतलं, ती कमान करून खाली सरकली. हिंमतरावांनी “ये बाय माझे,” म्हणून हात पुढे केले, तर सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. रडत रडतच ती फरशीवर उतरली, रांगत सोफ्यामागे गेली, आणि आवाज बंद झाला.

सगळे वाकून पाहू लागले. भाऊ पंख्याखाली कुशीवर पडला होता. त्याच्या उघड्या, कोमट पोटाला पाठ टेकून मुक्ता बसली होती, एका मुठीत त्याच्या शेपटीचा झुबका धरून. मान वळवून ती पंख्याकडे बघत होती. भाऊ श्वाससुद्धा बेताने घेत होता.

अपेक्षाने मोबाइल उचलून तिकडे वळवला. सासूबाई बोलेनात. नेटवर्क गेलं की राग आला, कळायला मार्ग नव्हता.

त्याच वेळी दारावर टकटक झाली. गोपाळकृष्णकाका. हातभर अंतरावर उभे राहून त्यांनी एक कागद उघडला. “सोसायटीच्या पत्त्यावर आलंय. वाचून दाखवणं माझं काम आहे.” घसा साफ केला. “अपेक्षा यांचे बंधू श्री. भाऊ ढोके, वय बेचाळीस, यांचा गृहविलगीकरणाचा कालावधी पूर्ण झाला असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. सही, शिक्का. अभिनंदन.” एवढं म्हणून त्यांनी दारावरचा लाल स्टिकर नखाने सोलायला घेतला.

“कोण बंधू?” मोबाइलमधून आवाज आला. नेटवर्क होतं तर.

अपेक्षाने सांगितलं. पोर्टल, इतर, पुरावा, बेचाळीस, तीन रकाने, सगळं. सांगताना तिला स्वतःलाच ते कुणा दुसऱ्या, जरा कमी अकलेच्या बाईचं वाटत होतं. कुणी हसलं नाही. हिंमतरावांनी फक्त मिशीवरून हात फिरवला.

“कागदावर लिहून देलं का त्याईनं, भाऊ म्हणून?” सासूबाईंनी विचारलं.

“हो.”

“शिक्का हाय?”

“आहे, गोल.”

“मग मामाच झाला ना तो लेकराचा. पाहून काय राहिले सगळे? अभिनव, काप बट, हलली नाही तवर.”

अभिनव पोटावर सरपटत सोफ्यामागे गेला. कात्रीचा एक बारीक आवाज झाला. मुक्ताला कळलंसुद्धा नाही. बट भाऊच्या पोटावर पडली, तर दोन महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, याच्या अंगावर थोडे केस शोभतात.

“अहो, मग मी कोण?” ऋषीने चौकटीतून विचारलं.

“तू धाकटा,” सासूबाई म्हणाल्या. “तो बेचाळीसचा आहे.”

हिंमतरावांनी दोरीची गुंडाळी करून खिशात घातली. “चला. मामाला गोठ्यात कोण बांधतंय,” ते म्हणाले, आणि जिन्यात ऐकू येईल असं हसत खाली गेले.

कॉल संपायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “अपेक्षा, तो पंखा कमी कर. कापून राहिला तो थंडीनं, दिसते मले इथून. लेकराच्या टोपीची लोकर उरली आहे माझ्याजवळ. माप पाठव त्याचं.”

“कसलं माप, आई?”

“पोटाचं घे, पाठीचं घे,” सासूबाई म्हणाल्या. “मांडीचं राहू दे.”